पर्वतीच्या पायऱ्या

पुण्याच्या माणसाला पर्वती किती उंच आहे असे विचारले, तर तो फुटांत उत्तर देत नाही. ‘उपाशीपोटी गेलात तर दहा मिनिटे, पोहे खाऊन गेलात तर पंधरा,’ असे सांगतो. पायऱ्या किती, यावर मात्र एकमत नाही. पुस्तकांतून १०३ लिहिलेले असते. पण लहानपणी आम्ही भावंडांनी त्या मोजल्या तेव्हा कधी शंभराच्या आत, कधी एकशेदहाच्या वर अशा भरल्या, आणि प्रत्येक वेळी भांडण झाले. पायऱ्या रुंद, पसरट, दगडी. पाऊल एका पायरीवर पडते, पण पुढच्या पायरीला दीड पाऊल लागते. त्यामुळे माणसाची लय काही बसत नाही. पेशव्यांचे हत्ती चढावेत म्हणून त्या तशा बांधल्या, असे आम्हांला सांगत. हत्तींचे काय होत असेल ते होवो. माणसाची मात्र चौथ्या वळणावरच दमछाक होते.

आमच्या घरातले सगळेजण पर्वतीला जात. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाले की वडील आम्हां मुलांना घेऊन निघत. त्रिपुरी पौर्णिमेला देवळात दिव्यांची आरास होई, त्या दिवशी आजी आपली त्रिपुरवात घेऊन चढे. आजोबा मात्र कधी आले नाहीत. ‘त्यांचे गुडघे धरतात,’ असे आजी सांगे. आम्ही ते खरे मानले. आजोबा दर शुक्रवारी चतुःशृंगीला चालत जात आणि तिथल्या पायऱ्याही चढत, हे आमच्या लक्षात यावयास बरीच वर्षे जावी लागली.

या गुडघ्यांची हकीगत मला शेवटी सांगावयाची आहे. पण ती कळावयाची तर आधी त्या टेकडीची हकीगत कळली पाहिजे.

आज पर्वती शहराच्या पोटात आहे. चारी बाजूंनी इमारतींनी वेढलेली, पलीकडच्या उतारावर जनता वसाहतीची घरे टेकडीला बिलगून चढलेली, अशी ती दिसते. पण अठराव्या शतकाच्या मध्यास पुणे मुठेच्या काठाशी काही पेठांत आटोपले होते, आणि शेताडी व आंबिल ओढा ओलांडून गेले म्हणजे पर्वती हे वेगळे गाव लागे. टेकडी त्या गावच्या तावरे पाटलांची. वर एक ग्रामदेवता होती, तिला पर्वताई म्हणत, आणि ती नवसाला पावते अशी भोवतालच्या खेड्यांत ख्याती होती. थोरल्या बाजीरावांच्या पत्नी काशीबाई यांच्या पायाला व्याधी होती. कोणीतरी त्यांना या देवीचे नाव सुचविले. पाय बरा झाला आणि मुलाने, म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी, आईचा नवस फेडण्यासाठी देऊळ बांधले, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेत खरे किती आणि गोड किती हे कोण ठरवणार! देऊळ मात्र १७४९ साली उभे राहिले हे नक्की.

ते साल जरा ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्याच वर्षी डिसेंबरात साताऱ्यास शाहूमहाराज निवर्तले, आणि मराठी राज्याचा कारभार साताऱ्याहून पुण्यास आला तो आलाच. नव्या राजधानीला वाडे होते, पेठा वसत होत्या. दुरून दिसेल असे, येणाऱ्या वकिलाच्या आणि सरदाराच्या नजरेत भरेल असे एक शिखर तेवढे हवे होते, ते या टेकडीने दिले. नवस आईचा असेल, पण जागा निवडणारा डोळा राज्यकर्त्याचा होता, असे मला नेहमी वाटते.

देऊळ पंचायतनाचे. मधोमध देवदेवेश्वर, म्हणजे शंकर. चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, गणपती आणि देवी यांची लहान देवळे. शंकराची मूर्ती चांदीची आणि त्याच्या मांडीवरचे पार्वती व गणपती सोन्याचे, असा मूळचा थाट होता. पुढे त्याच आवारात विष्णूचे, कार्तिकस्वामीचे अशी आणखी देवळे झाली, भोवती तट झाला, पेशव्यांना राहावयास वाडा झाला. खाली आंबिल ओढ्याचे पाणी अडवून नानासाहेबांनी तळे केले. सवाई माधवरावांच्या काळात त्या तळ्यातल्या बेटावर गणपती बसला, तोच आपला तळ्यातला गणपती. तळे पुढे बुजले. आमच्या लहानपणी त्याच्या एका अंगास पेशवे पार्क झाला होता आणि १९५६ सालापासून तिथे फुलराणी धावू लागली होती. पर्वतीला चला म्हटले की आम्ही मुले तयार होत असू ती देवदर्शनासाठी नव्हे, तर परतीच्या वाटेवरच्या फुलराणीसाठी, हे देवानेही ओळखले असेल.

वरून दृश्य मोठे सुरेख. नैर्ऋत्येस सिंहगड, खाली शहर. या तटाशी उभे राहून ज्यांनी ज्यांनी शहराकडे पाहिले त्यांत सुखाने पाहणारे थोडे झाले.

पहिले खुद्द नानासाहेबच. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. थोरला मुलगा विश्वासराव गेला, चुलतभाऊ सदाशिवरावभाऊ गेले, घराघरांतून माणसे गेली. नानासाहेब उत्तरेकडे कुमक घेऊन निघाले होते, त्यांना वाटेतच ही बातमी कळली. ते पुण्यास परतले ते खचूनच, आणि पर्वतीवर येऊन राहिले. वय उणेपुरे चाळीस. २३ जून १७६१ रोजी, देऊळ बांधून झाल्यास बारा वर्षेच होत असताना, त्यांनी इथेच देह ठेवला. त्यांचे स्मृतिस्थान आवारातच आहे. मुले तिथे फार थांबत नाहीत, कारण पाहावयास काही नाही. मोठी माणसे थांबतात.

भाऊसाहेबांच्या पत्नीचे नावही पार्वतीबाईच. त्या पानिपताहून परत आल्या, आणि पती जिवंत आहे या विश्वासाने आणखी बावीस वर्षे सौभाग्याची लेणी लेऊन राहिल्या. मध्यंतरी भाऊंचा तोतया निघाला, त्याचे पारिपत्य झाले, तरी त्यांचा विश्वास ढळला नाही. पेशवाईचा इतिहास लिहिणारे लढायांची पाने भरतात. या बाईंच्या वाट्याला दोन ओळी येतात.

दुसरा पाहणारा दुसरा बाजीराव. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीच्या माळावर बापू गोखले इंग्रजांशी लढत होते आणि श्रीमंत पर्वतीवरून लढाई पाहत होते. ज्या खिडकीतून पाहिली म्हणून सांगतात, ती खिडकी दाखविणारा माणूस आमच्या लहानपणी हटकून भेटे. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि पुढल्या जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन होऊन ब्रह्मावर्तास गेले. आमच्या शाळेत मास्तर हा भाग शिकवीत तेव्हा वर्गात कुणीतरी विचारीच, की पेशवा लढाईत होता का पर्वतीवर? मास्तर चष्मा पुसत.

पण पर्वतीची खरी कथा माझ्या मते तटावर नाही, ती दारांत आहे. पायऱ्या कुणालाही होत्या. दारे मात्र ज्याची त्याला.

पहिले दार टेकडीच्या पायथ्याशी, रमण्याचे. श्रावणमासाची दक्षिणा हा प्रकार सुरू केला तो तळेगावच्या खंडेराव दाभाड्यांनी. पुढे तो पेशव्यांकडे आला आणि नानासाहेबांच्या काळात त्याला पूर यावा तसे रूप आले. काशी-रामेश्वरापासून ब्राह्मण पुण्यास लोटत. रमणा म्हणजे भिंतीने बांधलेले मोठे आवार. त्यात सगळ्यांना घ्यावयाचे, आणि मग एकेका दारातून एकेकाच्या हातावर दक्षिणा ठेवून बाहेर सोडावयाचे. दाराशी खुद्द पेशवे आणि मोठमोठे मानकरी उभे राहत. विद्वानांची परीक्षा होऊन त्यांना वेगळा मान मिळे, बाकीच्यांना सरसकट. १७५८ साली या दक्षिणेत १८ लाख रुपये वाटले गेल्याची नोंद आहे. अठरा लाख! त्या काळचा रुपया काय होता हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनी हा आकडा दोनदा वाचावा. या पैशाने शास्त्र जगले, वेदपाठ जगले, हे खरेच आहे. तो पैसा ज्या कुणब्याच्या साऱ्यातून आला त्याला रमण्याच्या आत पाऊल टाकण्याचे कारण नव्हते, हेही तितकेच खरे.

इंग्रज आले आणि त्यांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. एल्फिन्स्टन धोरणी होता. नव्या राज्यात ब्राह्मण दुखावले जाऊ नयेत हे तो जाणून होता. रक्कम कमी होत गेली, आणि त्यातला वाटा काढून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. पुढे तिचेच पुणे कॉलेज आणि डेक्कन कॉलेज झाले. गंमत पुढेच आहे. १८४९ साली पुण्यातल्या काही सुधारकांनी सरकारकडे अर्ज केला, की या दक्षिणेचा काही भाग मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना, मग ते कोणत्याही जातीचे असोत, बक्षीस म्हणून द्यावा. लोकहितवादींचा या विचाराला पाठिंबा होता. शहरात गहजब झाला. अर्ज करणाऱ्यांना सभेत मार बसेल अशी चिन्हे दिसू लागली, तेव्हा जोतीराव फुले आपली दोनशे माणसे घेऊन त्यांच्या रक्षणास उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. म्हणजे ब्राह्मण सुधारकांची पाठराखण माळ्याने केली! १८५१ पासून दक्षिणा प्राइझ कमिटी ग्रंथांना बक्षिसे देऊ लागली. मराठी गद्याची पहिली पावले पडली ती बऱ्याच अंशी या पैशावर. तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत लोळत पडून मराठी पुस्तक वाचता, त्याच्या खापरपणज्याची फी रमण्यातून आली आहे म्हणा ना.

तेव्हा पायथ्याचे दार असे किलकिले झाले. वरचे दार मात्र बंदच राहिले.

देवस्थानाची नेमणूक इंग्रजांनी चालू ठेवली होती आणि कारभार पंचांकडे सोपविला होता. अस्पृश्य मानलेल्या लोकांनी पायऱ्या चढाव्यात, दुरून कळसाला हात जोडावेत आणि खाली जावे, अशी रीत. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. देशभर वारे फिरले. पुण्यात शिवराम जानबा कांबळे हे या कामातले जुने पुढारी, वयाने वडील; पां. ना. राजभोज तरुण. त्यांनी पर्वतीचे देऊळ उघडा अशी मागणी केली. पंचांनी नाही म्हटले. तेव्हा १३ ऑक्टोबर १९२९ रोजी, रविवारी, सत्याग्रही पायऱ्या चढू लागले. दिवाळीला तीन आठवडेही उरले नव्हते.

त्या दिवशी वरचे दार बंद करून घेतलेले होते. सत्याग्रहींत केवळ अस्पृश्यच नव्हते. काकासाहेब गाडगीळ होते, विनायकराव भुस्कुटे होते, पंचविशीतले एस. एम. जोशी होते. त्यांच्याविरुद्ध पायऱ्यांवर जो जमाव उभा राहिला, तो याच पेठांमधून आलेला. ज्या वाड्यांतून माणसे दर सोमवारी बेल घेऊन वर जात, त्याच वाड्यांतून ती आली. दगड पडले. राजभोजांना लागले, त्यांना रुग्णालयात न्यावे लागले. गाडगीळांनाही मारहाण झाली. सत्याग्रह त्या दिवसावर थांबला नाही, पुढे काही आठवडे चालला. डॉ. आंबेडकरांचा त्याला पाठिंबा होता. पण देऊळ उघडले नाही. पुढल्या मार्चमध्ये नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि लोकांचे लक्ष तिकडे वळले.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या मूर्तींना अस्पृश्याची सावली लागू नये म्हणून दगड उचलले गेले, त्या सोन्याच्या मूळ मूर्ती त्यानंतर थोड्याच वर्षांत चोरीस गेल्या. चोरांनी कुणाची परवानगी मागितली नव्हती.

१९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना उघडावे म्हणून दहा दिवस उपोषण केले आणि ते उघडले. त्याच साली मुंबई राज्याने मंदिरप्रवेशाचा कायदा केला. पर्वतीचे दार उघडले ते अशा रीतीने, कायद्याच्या किल्लीने. ती किल्ली कुलुपाला लागते. आम्ही पुढे जे पाहिले त्यावरून वाटते, की उंबरठा तिच्याने उतरत नाही.

आता आमच्या घरची हकीगत.

१२ जुलै १९६१, बुधवार. मी नऊ वर्षांचा होतो. आमचे बिऱ्हाड नारायण पेठेत, नदीच्या बाजूला. पानशेतचे धरण अजून पुरे झालेले नव्हते. ते पहाटेच्या सुमारास फुटले, आणि पाण्याच्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण नेले. सकाळी शाळेत जावयास निघालो तो गल्लीत माणसे धावताना दिसली. ‘पाणी आले’ एवढेच शब्द. वडिलांनी माझा हात धरला, आईने धाकट्या बहिणीला उचलले, आजीने देव्हाऱ्यातला अन्नपूर्णेचा टाक कनवटीला खोचला. आजोबा दाराशी उभे. ‘पर्वतीवर जायचं,’ वडील म्हणाले. आजोबा म्हणाले, ‘तुम्ही व्हा पुढे. मी चतुःशृंगीकडे बघतो.’ वडील त्यांच्याशी कधी चढ्या आवाजात बोलत नसत. त्या दिवशी बोलले. ‘अहो बाबा, ती नदीपलीकडे आहे!’

आजोबांनी बहिणीला आईकडून घेतले, खांद्यावर बसवले, आणि चालू लागले. दोन मैल ते कुठे थांबले नाहीत. पर्वतीच्या पायऱ्याही ते तिला तसेच घेऊन चढले. गुडघ्यांचा विषय कुणी काढला नाही.

वर माणूस मावत नव्हता. ओवरीत, सभामंडपात, वाड्याच्या पडक्या जोत्यावर, सगळीकडे माणसे. ट्रंका, पितळी घागरी, एक बाई शिवणयंत्राचे डोके तेवढे घेऊन आली होती. तटावरून खाली पाहिले तर मुठेचे पात्र कुठे आणि पेठा कुठे हे कळेना. लकडी पुलावरून पाणी वाहत होते. कुणी रडत होते, कुणी आपल्या घराचे कौल ओळखण्याचा प्रयत्न करीत होते. त्या रात्री शहरात दिवा नव्हता. ज्या तटावरून दुसऱ्या बाजीरावाने लढाई पाहिली, त्याच तटाशी मी वडिलांच्या धोतराचा सोगा धरून उभा होतो आणि खाली एकसारखा काळोख होता.

संध्याकाळपासून पावसाची भुरभुर होती. आजी, आई आणि आम्ही मुले सभामंडपात शिरलो. आजोबा आत आले नाहीत. दाराबाहेर पायरीवर उपरणे डोक्यावर घेऊन बसले. त्यांच्यापासून हातभर अंतरावर एक म्हातारी बसली होती, बरोबर एक लहान नातू. नदीकाठच्या वस्तीतून आली होती. आजी आजोबांना बोलवावयास बाहेर गेली तेव्हा मी तिच्या मागे होतो, म्हणून पुढचे बोलणे मी ऐकले आहे.

आजी म्हाताऱ्या बाईला म्हणाली, ‘अहो, पोर भिजतंय. आत या की.’

ती म्हणाली, ‘आत चालतंय आता, ठावं हाय मला. पर पाय उचलत न्हाई बघा, बाई. आमी म्हार.’

आजी काहीच बोलली नाही. मग ती म्हातारी आजोबांकडे वळून म्हणाली, ‘तुमी तरी जा की आत, बाबा. तुमाला काय झालं?’

आजोबा म्हणाले, ‘मी इथंच बरा आहे.’

आजीने खाली वाकून त्या नातवाला उचलले आणि आत आणून माझ्या शेजारी झोपवले. म्हातारी मग आपोआप आली, दारातल्या कोपऱ्यात टेकली. आजोबा रात्रभर बाहेर होते. पहाटे मी लघवीला उठलो तेव्हा ते तसेच बसलेले होते, उपरणे ओले चिंब.

दोन दिवसांनी आम्ही खाली उतरलो. वाड्याचा खालचा मजला गाळाने भरला होता, आजोबांची पुस्तके गेली होती. त्यानंतर आजोबा पर्वतीवर पुन्हा कधी चढले नाहीत. १९६८ साली ते गेले.

मी कॉलेजात असताना ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रे चाळत होतो. मला हवे होते क्रिकेटचे काही, आणि हाती लागला १९२९ चा ऑक्टोबर. पर्वतीच्या सत्याग्रहाची हकीगत तिथे मी पहिल्यांदा वाचली. आमच्या शाळेच्या इतिहासात ती नव्हती. आमच्या शेजारच्या वाड्यांत तिचा उच्चार मी कधी ऐकला नव्हता. शेकडो माणसे पायऱ्यांवर होती, आणि पुढे ती सगळी आमच्याच गल्ल्यांतून म्हातारी झाली, पण ‘मी होतो’ असे म्हणणारा एकही भेटला नव्हता. सत्याग्रहाच्या बाजूचे म्हणणारे भेटत. समोरच्या बाजूला जणू कुणी उभेच नव्हते.

तेव्हा मला चतुःशृंगीच्या पायऱ्या आठवल्या. गुडघे आठवले.

घरी आलो. कार्तिकाचे दिवस होते, आजी खिडकीशी बसून त्रिपुरवातीसाठी कापूस वळीत होती. साडेसातशे पदरांची वात ती स्वतः करी, विकत आणीत नसे. मी आडवळणाने विचारले. ती बराच वेळ वळीतच राहिली.

‘काठी घेऊन गेले होते,’ ती म्हणाली. ‘वाड्यातले सगळेच निघाले होते सकाळी. हेही गेले. तीस वर्षांचे होते. दुपारी परत आले ते मोकळ्या हातांनी. मी म्हटलं, काठी? तर म्हणाले, पडली कुठेतरी. जेवले नाहीत. न्हाणीत जाऊन कितीतरी वेळ हात धूत बसले होते.’

‘त्यांनी कुणाला मारलं का ग, आजी?’

‘मी विचारलं नाही.’

‘का?’

‘विचारलं असतं तर खरं सांगितलं असतं त्यांनी. म्हणून नाही विचारलं.’

ती पुन्हा वात वळू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, ‘त्या राजभोजांचं नाव पेपरात आलं की हे पेपर घडी करून ठेवीत. पुढे ते लोकसभेत गेले, तेव्हा मात्र एक पेढा आणला होता. एकच. मला दिला, आणि कशाचा ते सांगितलं नाही. मी ओळखलं.’

मला पुष्कळ काही विचारावयाचे होते. पण आजी पर्वतीवरच्या कार्तिकस्वामीच्या देवळाशी आली की पदर सावरून नजर खाली घाली, हे मी लहानपणापासून पाहिले होते. बायकांनी तिथे जावयाचे नाही, एक कृत्तिकांचा योग तेवढा सोडून. जी दारे तिला स्वतःला बंद होती त्यांच्याविषयीही तिने कधी प्रश्न विचारला नव्हता. तिला मी काय विचारणार?

पौर्णिमेला मी तिला पर्वतीवर घेऊन गेलो. तिचे वय आता सत्तरीकडे झुकले होते, दर दहा पायऱ्यांवर ती थांबे. पायऱ्यांवरून दिव्यांची तबके घेतलेल्या बायका, पोरे, फुगेवाले चढत होते. अर्ध्या वाटेवर तिने मला थांबवले, मागे वळून खालच्या पायऱ्यांकडे पाहिले, आणि वातीचे तबक माझ्या हातात दिले.

‘नीट धर,’ म्हणाली. ‘वर गर्दी असेल.’